अडवलेला गाळ

नाणे मावळात घरटी एक तरी मोटारसायकल आहे, आणि ती हौसेची नाही. पहाटे डेअरीत दूध घालायचं, मग वडिवळ्याहून कामशेत स्टेशन गाठून लोकल पकडायची, नाहीतर थेट तळेगाव-चाकणच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला हजर व्हायचं. परतताना खताची गोणी टाकीवर आडवी टाकायची. आवणीच्या दिवसांत बाया शेतावर सोडायच्या. सगळा भार एकाच गाडीवर. अशा गाडीचा धनी टायर अंगठ्याने दाबून बघतो, चेनला तेल सोडतो, हॉर्न वाजेनासा झाला तर त्याच दिवशी दुरुस्त करून घेतो. इंजिनातल्या ऑइलकडे मात्र गॅरेजवाला बोलेल तेव्हाच लक्ष जातं, आणि ऑइल गाळणाऱ्या फिल्टरकडे तेव्हाही नाही. फिल्टर दिसत नाही, वाजत नाही, कुरकुरत नाही. इतरांची घाण स्वतःकडे ठेवून घेणं हेच ज्याचं काम, त्याच्या वाट्याला असं दुर्लक्ष यायचंच.

आमच्या आधीच्या पिढीला तर फिल्टर ठाऊकच नव्हता, कारण त्यांच्या बहुतेक गाड्यांना तो नव्हताच. राजदूत, चेतक स्कूटर, नंतर १९८५ साली आलेली यामाहाची आरएक्स १०० ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी. त्यांचं ऑइल पेट्रोलबरोबर इंजिनात जायचं, पिस्टनला वंगण द्यायचं आणि जळून धुरातून निघून जायचं. पेट्रोल पंपावर टू-टी ऑइलचं वेगळं यंत्र उभं असायचं. आत काही साठत नसे, म्हणून गाळायचा प्रश्नही नसे. इंजिनाने केलेली घाण मागे येणाऱ्याच्या नाकात जायची आणि गाडीवाला निवांत पुढे निघून जायचा. फोर-स्ट्रोकचं तसं नाही. तिथे तेच ऑइल इंजिनात पुन्हा पुन्हा फिरतं. पिस्टन, गिअर, क्लच सगळ्यांना भेटून येतं आणि प्रत्येकाकडून थोडी झीज, थोडी काजळी बरोबर घेऊन येतं. १९८५ सालीच हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली, आणि २००० सालच्या प्रदूषण नियमांनंतर टू-स्ट्रोक मोटारसायकली हळूहळू रस्त्यावरून उतरल्या. आपली घाण आपल्यापाशी ठेवायची आणि वेळच्या वेळी काढायची, हा शिरस्ता खेड्यापाड्यांतल्या गाड्यांना तेव्हा लागला.

बुलेटवाल्यांना हा शिरस्ता आधीपासून होता. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या त्या गाडीत फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा फिल्टर असायचा. तो काढायचा, पेट्रोलमध्ये खळबळून धुवायचा, वाळवायचा आणि परत बसवायचा. फेकायची भाषाच नव्हती. कागदाचा फिल्टर आल्यावर धुणं संपलं आणि बदलणं सुरू झालं. कागद जास्त बारीक गाळतो यात शंका नाही. पण धुणाऱ्याला निदान आपल्या हाताने काढलेला गाळ बघावा लागायचा. बदलणाऱ्यावर ती सक्ती राहिली नाही.

फिल्टर निवडायचा म्हटलं तर पहिला प्रश्न असा, की आपल्या गाडीला तो आहे का? कामशेतच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर हा संवाद कानावर पडतोच. नवीन पोरगा मोबाइलवर काहीतरी बघून आलेला असतो.

“ऑइल फिल्टर द्या.”

“गाडी कुठली?”

“स्प्लेंडर.”

“तिला कागदाचा फिल्टर नसतो, दादा. जाळी असते. ती धुऊन बसवायची.”

पोराला वाटतं दुकानदाराकडे माल नाही. तो पुढच्या दुकानात जातो आणि तेच ऐकून परत येतो. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनात खाली एक तारेची जाळी असते, मोठा कचरा अडवायला. बारीक कचऱ्याची सोय क्रँकशाफ्टच्या टोकाला केलेली असते. तिथे एक छोटी वाटी शाफ्टबरोबर गरगर फिरत असते. ऑइल तिच्यातून जाताना जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात आणि तिथेच चिकटून बसतात. कागद नाही, बदलायचं काही नाही. पण ही वाटी आपोआप रिकामी होत नाही. इंजिनाचं उजवीकडचं कव्हर उघडलं तरच ती दिसते, आणि कव्हर उघडायची पाळी क्लच प्लेटा संपल्यावरच येते. तव्याच्या पाठीला काजळी बसावी तसा आत गाळाचा काळा, घट्ट थर बसलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडला की वड्या निघतात. त्या बोटांत चुरल्या तर काळपट भुकटीत मधूनच एखादा कण चमकतो. कित्येक वर्षांची, हजारो किलोमीटरची झीज चिमटीत मावते.

पल्सर, बुलेट, केटीएम यांची गोष्ट वेगळी. माझी पल्सर चाकणच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावरची. तिला इंजिनाच्या उजव्या अंगाला एक छोटं झाकण आहे आणि त्यामागे घड्या घातलेल्या कागदाची गुंडाळी. रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसीच्या गाड्यांना मोटारींसारखा डब्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर असतो. तेव्हा काउंटरवर गाडीचं नुसतं नाव सांगून भागत नाही. मॉडेल आणि साल सांगायला लागतं. एकाच नावाच्या गाडीचं इंजिन चार वर्षांनी बदलतं, आणि फिल्टर दिसायला तोच असला तरी भोक किंवा ओ-रिंग एखाद्या मिलिमीटरने वेगळी निघते. एवढा फरक ऑइल बाहेर यायला पुरतो. नाहीतर ऑइल कागदाला वळसा घालून न गाळताच पुढे जातं.

मिळालेला फिल्टर उजेडात धरून बघावा. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, दोन्ही टोकांना कागद नीट चिकटवलाय का, जिथे कागदाची दोन टोकं जुळतात तो सांधा बंद आहे का. दुकानात फार दिवस पडून राहिलेल्या फिल्टरचं रबर कडक झालेलं असतं, ते नखाने दाबल्यावर कळतं. खोट्या मालाचं खोकं हल्ली खऱ्याहून देखणं असतं. म्हणून खोक्यापेक्षा आतला कागद बघावा. फिल्टरची किंमत ऑइलच्या बाटलीपुढे किरकोळ असते, तरी काटकसर नेमकी इथेच सुचते. महागाचं ऑइल घ्यायचं आणि ते जुन्याच फिल्टरमधून फिरवायचं, हा हिशेब मी अनेक शहाण्या माणसांना करताना पाहिलाय.

ऑइलचीही निवड आली. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच यांचं ऑइल एकच. क्लच प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असू शकतात, आणि क्लचला तर घर्षणच हवं असतं. म्हणून मोटारसायकलच्या बाटलीवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असा शिक्का बघायचा. जपानमध्ये १९९८ साली ठरलेलं हे मानक आता इथल्या बाटल्यांवरही असतं. स्प्लेंडरला पातळ १०डब्ल्यू-३०, जुन्या पल्सरला जाड २०डब्ल्यू-५० असे आकडे कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत छापलेले असतात. पुस्तिका मात्र घरात आरसी बुकाच्या पाकिटात जपून ठेवलेली असते, आणि सल्ला चहाच्या टपरीवर घेतला जातो.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या टपरीवर वेगळाच वर्ग जमतो. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे पुण्याकडून लोणावळ्याला निघालेली मोटारसायकलींची सगळी वरात जुन्या हायवेने कामशेतमधूनच जाते. जॅकेट, गुडघ्यांना ढाली, हेल्मेटवर कॅमेरा. त्यांच्या गप्पांत सिंथेटिक ऑइल असतं, परदेशी फिल्टर असतो. काही फिल्टरांच्या टोकाला नटच बसवलेला असतो, काढताना पाना लावायला सोपं जावं म्हणून. मला त्या नटाचा हेवा वाटतो. पण “हा जास्त बारीक गाळतो, म्हणजे चांगला” हे वाक्य तिथे आलं की माझी मान आपोआप नकार देते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. बरा फिल्टर त्याच्या निम्म्याहून बारीक कण अडवतो. आणखी बारीक विणीचा कागद घातला तर कण जास्त अडतील, पण ऑइलही अडेल. त्याला पुढे जायला पुरेशी वाटही हवी. म्हणून तर कागदाला घड्या घालतात, छोट्या जागेत मोठं क्षेत्र बसवायला.

या यंत्रणेतली मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे बायपास झडप. फिल्टर गाळाने तुंबला, किंवा थंडीच्या पहाटे ऑइल इतकं घट्ट झालं की कागदातून जाईना, तर मागे दाब वाढतो. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की एक स्प्रिंगची झडप उघडते आणि ऑइल न गाळता थेट इंजिनात जातं. काही गाड्यांत ही झडप फिल्टरच्या डब्यातच असते, काहींत इंजिनात. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हा पराभव वाटला होता. गाळण्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि गाळणंच सोडून द्यायचं? पण इंजिन बनवणाऱ्याचा हिशेब रोकडा आहे. घाण ऑइलावर इंजिन झिजत झिजत काही महिने चालेल, ऑइलाशिवाय काही मिनिटांत जाम होईल. कोरडं पडण्यापेक्षा मळकं बरं. गोम एवढीच, की झडप उघडली हे गाडी सांगत नाही. आवाज तोच, अॅव्हरेज तेच, दिवाही लागत नाही. फिल्टर जागेवर असतो आणि कामावर नसतो. अशी माणसं कचेरीत सापडतात तेव्हा आपण बोलून तरी दाखवतो.

काढण्याचं काम घरी अंगणात करता येतं. आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं. कोमट ऑइल पातळ होऊन वाहतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. फार तापलं तर हात भाजतात. गाडी मेन स्टँडला, खाली जुनं घमेलं, आणि रिंग पान्याने ड्रेन नट सैल करायचा. शेवटचे आटे हाताने सोडवताना नट आतल्या बाजूला दाबून धरायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा. नाहीतर तो घमेल्यात पडतो आणि काळ्या ऑइलात बोटं घालून शोधावा लागतो. मग झाकणाचे बोल्ट, आळीपाळीने थोडे थोडे सैल करत. झाकण सुटतं तेव्हा आत अडलेलं ऑइल हातावर येतंच, म्हणून फडकं आधीच हाताशी हवं. फिल्टर ओढून काढण्याआधी एकदा नीट बघून घ्यायचं, की त्याची उघडी बाजू कुठे आहे, बंद बाजू कुठे. काही फिल्टरवर बाहेरची बाजू कोणती ते छापलेलं असतं, काहींवर नसतं. उलटा बसला तर काही इंजिनांत ऑइलचा रस्ताच बंद होतो.

डब्याचा फिल्टर निघत नसेल तर पट्ट्याचा पाना लावतात. पाना नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून हाताने पिळतात, आणि तेवढी पकड बहुतेकदा पुरते. पत्र्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवणं हा शेवटचा उपाय. त्यात पत्रा फाटला तर धरायलाही काही उरत नाही. निघाल्यावर त्याची रबरी रिंग फिल्टरबरोबर आली का, हे बघायचं. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, तर गाडी सुरू होताच दोन्हींमधून ऑइलची चिळकांडी उडते. नव्या रिंगला बोटाने ताजं ऑइल लावायचं, हाताने फिरवून टेकवायची, आणि मग डब्यावर लिहिलेलं असेल तेवढंच पिळायचं. हौसेने आवळलेलाच पुढच्या वेळी निघत नाही. ड्रेन नटाचंही तेच. नट लोखंडाचा, इंजिनाचं आवरण अॅल्युमिनियमचं. जास्त जोर लावला की आटे जातात आणि लेथवाल्याकडे नवे बसवून घ्यावे लागतात. काढायला ताकद लागते आणि बसवायला संयम. आपल्याकडे दोन्ही ठिकाणी ताकदच वापरतात.

इथवर गॅरेजमधलं कुठलंही पोरगं डोळे मिटून करतं. जे सहसा कुणी करत नाही ते म्हणजे काढलेला फिल्टर उघडून बघणं. कामशेतच्या एका जुन्या मिस्त्रींकडून मी ते शिकलो. ते ब्लेडने कागद कापतात, घड्या पांढऱ्या फरशीवर पसरतात आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक वरून फिरवतात. चिकटला तो पोलादाचा कण, गिअर किंवा कॅमचा. चमकतो पण चिकटत नाही तो अॅल्युमिनियमचा, पिस्टनकडून आलेला असू शकतो. तपकिरी, तंतूसारखं काही असेल तर क्लच प्लेटा संपत आल्या. रबरासारखे तुकडे दिसले तर आधीच्या कुणीतरी पॅकिंगला गम सढळ हाताने थापलाय. नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला, पाचशे किलोमीटरच्या आसपास, चमक जास्त दिसते. दाते एकमेकांना रुळत असतात, त्यात घाबरायचं नाही. तीच चमक जुन्या गाडीत दिसली तर मिस्त्री मान वर न करता विचारतात, “आवाज कधीपासून येतोय?” आणि गाडीवाला चकित होतो, कारण आवाजाचं त्याने अजून सांगितलेलंच नसतं.

पावसाळ्यात या वाचनात एक प्रकरण वाढतं. लोणावळ्याच्या बाजूला पाऊस लागला, धरणातून पाणी सुटलं, की वडिवळ्याचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं तुटतात. पाणी उतरायला लागलं की काहीजण धीर धरत नाहीत. पाळी चुकली तर खाडा लागतो, त्यालाही इलाज नाही. गुडघाभर पाण्यातून गाडी घातली, मध्येच बंद पडली, ढकलत बाहेर काढली आणि किक मारली, की एअर फिल्टरच्या वाटेने आत गेलेलं पाणी ऑइलात घुसळलं जातं. मग ड्रेन नट उघडल्यावर काळ्याऐवजी दुधाळ, चहाच्या रंगाचं काहीतरी खाली येतं. ते वंगण नव्हे. कागदाचा फिल्टरही भिजून फुगतो, मऊ पडतो, घड्या एकमेकींना चिकटतात. अशा वेळी दोघांनाही निरोप द्यायचा आणि नवं ऑइल थोडं चालवून तेही काढायचं, तेव्हा कुठे आतला ओलावा जातो. पूल उंच झाला तर आमच्याकडचे किती फिल्टर वाचतील, हा विचार कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नसणार.

आता घमेल्याकडे येऊ. त्यात लिटरभर काळं ऑइल आहे आणि शेजारी ठिबकणारा फिल्टर. फिल्टर निवडताना आपण इंजिनाचा विचार करतो, काढताना हातांचा, आणि काढून झाल्यावर कुणाचाच नाही. जळक्या ऑइलला गावात गिऱ्हाईक असतं. कुणी ते गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतो, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला नेतो. उरलेलं गटाराच्या कडेला, उकिरड्यावर, नाहीतर बांधावर. पहिला पाऊस ते खाचरात आणतो, आणि साचलेल्या पाण्यावर सप्तरंगी तवंग पसरतो. त्याच खाचरात इंद्रायणी भात लावलेला असतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडलेल्या या वाणाच्या वासावर पुण्याची गिऱ्हाइकं जीव टाकतात. खाचरातलं पाणी ओढ्याला, ओढ्याचं कुंडलिका नदीला, तिचं इंद्रायणीला, आणि पुढे देहू, आळंदी. आळंदीच्या पात्रात जो फेस दिसतो तो मोटारसायकलवाल्यांनी केलेला नाही. त्याचे धनी मोठे आहेत. पण ऑइलच्या पातळ थराने पाण्याचा केवढा पृष्ठभाग झाकला जातो, हे ज्याने खाचरात पाहिलंय त्याला आपला लिटरही लहान वाटू नये.

टू-स्ट्रोकचा धूर गेला म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकला, तो थोडा घाईचा होता. इंजिनाने आपली घाण स्वतःजवळ ठेवायला सुरुवात केली, फिल्टरने ती इमाने अडवली, बायपास उघडायची वेळ येऊ दिली नाही. आणि आपण ती काढून एका दमात ओढ्याला सोडली. तिथे तर झडपही नाही.

उपाय फार मोठा नाही, म्हणूनच तो कुणाला भारदस्त वाटत नाही. फिल्टर उघडं तोंड खाली करून रात्रभर घमेल्यात उपडा ठेवायचा. बरंचसं ऑइल निथळतं. नव्या ऑइलची रिकामी झालेली बाटली समोरच असते. नरसाळं लावून काळं ऑइल तिच्यात भरायचं आणि पुढच्या फेरीत कामशेतच्या गॅरेजवाल्याला द्यायचं. त्याच्याकडे पिंप असतं आणि जळकं ऑइल विकत घेणारे येतात. ऑइल घाण होतं, त्यातली द्रव्यं संपतात, पण मूळ तेल तेवढ्याने मरत नाही. शुद्ध करून त्याचं पुन्हा वंगण होतं. वापरलेलं ऑइल धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा होऊन शुद्ध व्हावं याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. ही साखळी कागदावर भक्कम आहे. तिची पहिली कडी मात्र कुठल्या कंपनीच्या हातात नाही. ती अंगणात घमेलं घेऊन उकिडव्या बसलेल्या माणसाच्या हातात आहे, आणि ओढा त्याला पिंपापेक्षा जवळ आहे.

मिस्त्रींच्या पिंपावर मी बाटली रिकामी करतो तेव्हा रांगेतलं कुणीतरी हसतं. लिटरभर जळकं ऑइल गावाहून उचलून आणणारा माणूस म्हणजे एकतर कंजूष, नाहीतर रिकामटेकडा, असा त्या हसण्याचा अर्थ. मी रिकामटेकडा नाही, पाळी गाठायची असते. पण ‘फिल्टर बदलला’ असं आपण म्हणतो तेव्हा फक्त इंजिनाचं काम झालेलं असतं. आतला गाळ कुठे गेला हे विचारल्यावर बोट दाखवता आलं, की मग आपलंही झालं.